शेवरले ३१०० (१९५३) पिकअपच्या हौद्याला लाकडी तळ: लाकूड कोणते, फट किती, वर काय लावावे?

मिशिगनकर

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे १९५३ सालचा शेवरले ३१०० हा अर्ध्या टनाचा पिकअप आहे. आमच्या गावाबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्याकडून तो मी दोन वर्षांपूर्वी घेतला. त्यांच्या वडिलांनी या गाडीतून गवताच्या पेंढ्या आणि कुंपणाचे खांब वाहिले होते, आणि शेवटची कित्येक वर्षे ती कोठारात उभी होती. २१६ घन इंचांचे सहा सिलिंडरचे मूळ इंजिन आता व्यवस्थित चालते, केबिनचे पत्राकाम आणि रंगकामही झाले आहे. उरला आहे तो हौदा.

हौद्याच्या तळावर कोणीतरी प्लायवूडची जाड शीट ठोकून तिच्यावर करडा रंग फासला होता. गेल्या आठवड्यात ती उचलली तेव्हा खालच्या मूळ फळ्यांचा हाताने चुरा होत होता आणि फळ्यांमधल्या पोलादी पट्ट्या गंजून कागदासारख्या पातळ झाल्या होत्या. मात्र पुढच्या पत्र्याच्या घडीखाली वीतभर लांबीचा एक तुकडा शाबूत निघाला. त्याच्या वरच्या अंगाला काळ्या रंगाचा थर आहे. टोक करवतीने कापून पाहिले तर आतले लाकूड पिवळसर होते आणि सत्तर वर्षांनंतरही त्याला राळेचा वास येत होता. त्यावरून मूळ तळ पिवळ्या पाइनचा असावा, असा माझा समज आहे.

आता नवा तळ लाकडाचाच करायचा हे नक्की आहे, पण तीन गोष्टींवर माझे मन ठरत नाही. इथे बहुतेक जण ओक वापरतात, मूळ गाडीत पाइन आहे, आणि लाकडाच्या वखारीत मला ॲशच्या फळ्या स्वस्त मिळत आहेत, तर यांपैकी काय घ्यावे? फळ्या एकमेकींना चिकटवून बसवाव्यात की मध्ये फट ठेवावी, आणि ठेवायची तर किती? तिसरा प्रश्न वरच्या लेपाचा आहे. प्रदर्शनांत दिसणारे आरशासारखे वॉर्निश मला मोहात पाडते, परंतु ही गाडी मी उन्हाळ्यात रोपे, खताच्या गोण्या आणि अधूनमधून सरपण आणण्यासाठी वापरणार आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे त्या काळात ती गॅरेजबाहेर काढणार नाही.

मी व्यवसायाने अभियंता असलो तरी सुतारकामाचा अनुभव बेताचा आहे. टेबल सॉ घरी आहे, राऊटर (लाकडात खाचा पाडण्याचे यंत्र) मित्राकडून मिळेल.

गॅरेज_क्लीव्हलँड

नमस्कार. सुटे भाग मागवण्यापूर्वी एक खात्री करून घ्या. १९५४ साली शेवरलेने हा हौदा बदलला, त्यामुळे १९५३ आणि १९५४ या गाड्या दिसायला सख्ख्या बहिणी असल्या तरी हौद्याचे सगळे भाग एकमेकींना लागत नाहीत. मागवताना साल स्पष्ट सांगा आणि हौद्याखालच्या आडव्या पोलादी चॅनेलवरील भोकांची अंतरे स्वतः मोजून पडताळा. तुमच्या गाडीची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये आसनामागे आहे, कारण १९४९ मध्ये ती हौद्याखालून तिथे हलवली गेली. त्यामुळे तळाखाली काम करायला मोकळी जागा मिळते.

आता फटीविषयी. मी माझ्या गाडीत नेमकी हीच चूक केली होती, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

या तळाची रचना साधी आणि फार विचारपूर्वक केलेली आहे. फळ्या पुढून मागे लांबीने जातात, खाली आडवे पोलादी चॅनेल असतात आणि दर दोन फळ्यांमध्ये एक पोलादी पट्टी येते. पट्टीच्या कडा फळ्यांच्या कडेला पाडलेल्या खाचांत बसतात. पट्टीतून जाणारा चौकोनी मानेचा कॅरेज बोल्ट फळीला भोक पाडून जात नाही, तो दोन फळ्यांमधल्या फटीतून खाली उतरतो आणि चॅनेलमध्ये आवळला जातो. म्हणजे पट्टी फळीला दाबून धरते, पण खिळल्यासारखी जखडत नाही. माल पोलादावरून घसरतो, फावड्याचे पाते लाकडात रुतत नाही आणि फळीला आडवे फुगायला व आक्रसायला वाव राहतो.

हा वाव मी नाहीसा केला. फेब्रुवारीत, तापवलेल्या तळघरात, रेड ओकच्या फळ्या मी इतक्या चापून बसवल्या की त्यांच्या कडा बोल्टांना टेकल्या होत्या. ते काम दिसायला अतिशय सुबक होते. जुलैच्या दमट हवेत एके सकाळी गॅरेज उघडले तर मधल्या तीन फळ्या कौलासारख्या वर उचलल्या होत्या, दोन बोल्टांची डोकी पट्टीत रुतली होती आणि हौद्याची डावी बाजू बोटभर बाहेर ढकलली गेली होती. ती सरळ करताना नवा रंग उडाला, त्याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर मी हिशेब शिकलो. आडव्या कापाची, म्हणजे टोकावरच्या वाढीच्या रेषा फळीच्या पृष्ठभागाला समांतर असलेली, रेड ओकची सहा इंच रुंद फळी घ्या. घरातल्या कोरड्या हवेत तिच्यात सुमारे ६ टक्के ओलावा असतो आणि उन्हाळ्यात बाहेर तो १२ टक्क्यांपर्यंत जातो. ओलाव्याच्या दर टक्क्यामागे रुंदी साधारण ०.००३७ पटीने वाढते, म्हणजे सहा टक्क्यांत ती एकच फळी जवळजवळ १/८ इंच फुगते. संपूर्ण हौद्याची रुंदी धरली तर हा फुगवटा एक इंचाच्या आसपास जातो. एवढ्या जोरापुढे पत्रा टिकत नाही.

म्हणून असे करा. बोल्ट ५/१६ इंची आहेत. फळ्या हिवाळ्यात, कोरड्या लाकडाच्या कापणार असाल तर दोन फळ्यांमध्ये ७/१६ इंच फट ठेवा. फळीची रुंदी कोणाच्या कोष्टकावरून घेऊ नका. लगतच्या दोन पट्ट्यांच्या बोल्टांचे मध्य ते मध्य अंतर मोजा आणि त्यातून फट वजा करा. कडेच्या दोन फळ्या वेगळ्या मापाच्या निघतील, त्या सर्वांत शेवटी कापा. सगळे लाकूड कापण्यापूर्वी एका टाकाऊ तुकड्यावर खाच पाडून पट्टी बसवून पाहा. फट पूर्ण वाढली तरी पट्टीच्या कडा खाचेतून सुटत नाहीत, याची तिथेच खात्री होईल.

सुतारवाडा_सांगली

मिशिगनकर, आपली चिकाटी पाहून आनंद झाला. माझ्या वडिलांचा ट्रकचे हौदे बांधण्याचा कारखाना होता आणि मीही पंचवीस वर्षे तेच काम केले. आपली गाडी मी पाहिलेली नाही, पण फळी, पोलाद आणि पाणी यांचे एकमेकांशी वागणे सांगलीत आणि मिशिगनमध्ये सारखेच असते. शिवाय आम्ही अजूनही सुतात मोजतो आणि आठ सुतांचा एक इंच होतो, त्यामुळे आपली मापे मला घरचीच वाटली. वरच्या उत्तरातला बोल्ट अडीच सुती आणि फट साडेतीन सुती. फळी सहा सूत जाडीची असावी, त्याहून पातळ नको.

लाकडाच्या जातीआधी लाकडाचा काप पाहा. फळीच्या टोकाकडे पाहिले की वाढीच्या वर्तुळांच्या रेषा दिसतात. त्या रेषा फळीच्या पृष्ठभागाला उभ्या असतील तर ती फळी आडव्या कापाच्या फळीपेक्षा बरीच कमी फुगते आणि तिला बाक जवळपास येत नाही. असा काप महाग मिळतो, वायाही जास्त जातो. सगळ्या फळ्या तशा घेणे परवडत नसेल तर निदान मधल्या तेवढ्या घ्याव्यात, कारण भार आणि उभे पाणी तिथेच जास्त असते. नवी फळी आणल्यावर दोन-तीन आठवडे गॅरेजमध्येच, मध्ये काड्या घालून रचून ठेवा. आणली आणि कापली असे करू नये.

फळी सडते ती बहुधा टोकाकडून. लाकडाच्या नळ्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे टोकाचा छेद पाणी शोषून घेतो, तसे वरचे अंग शोषत नाही. आपला तुकडा पुढच्या पत्र्याच्या घडीखाली कोरडा राहिला म्हणून वाचला असणार. फाळक्याकडची, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेकडची, टोके मात्र नक्की सगळ्यांत आधी गेली असतील. लेप कोणताही लावा, पण तो सहाही अंगांना लावा, आणि टोकांना तो पिऊन घेणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावा. भोके पाडल्यावर आणि खाचा मारल्यावर आतूनही ब्रश फिरवला पाहिजे. आमच्याकडे घाईत हेच राहून जाते आणि चार पावसाळ्यांत फळी बोल्टाभोवती मऊ पडते.

दुसरे म्हणजे लोखंडाचा डाग. बाभळीच्या ओल्या लाकडात खिळा ठोकला की त्याच्याभोवती काळे वलय उमटते, कारण त्यात टॅनिन असते आणि ते लोखंडाशी मिळून काळे पडते. ओकमध्येही टॅनिन भरपूर असते. म्हणून ओक घेतला आणि नैसर्गिक रंग ठेवायचा असेल तर पट्ट्या, बोल्ट व वायसर स्टेनलेस स्टीलचे घ्या. काळा रंग देणार असाल तर साधे चालतील, पण आडवे चॅनेल गंज काढून, अस्तर देऊन, रंगवून पूर्ण वाळल्यावरच त्यांवर लाकूड टेकवावे. जोडकामाचे वेल्डिंग काही राहिले असेल तर तेही फळी चढण्यापूर्वी उरकून घ्या.

शेवटची विनंती अशी की, एकही फळी ठेवण्यापूर्वी हौदा गुण्यात (काटकोनात) आहे का ते पाहा. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट असे दोन्ही कर्ण मोजा. ते एक सुताच्या आत जुळले पाहिजेत. हौदा तिरका असेल आणि फळ्या त्यातच आवळल्या तर तो तिरकेपणा कायमचा पक्का होतो, फाळका एका बाजूला घासतो, आणि दोष फळ्यांचा नसताना माणूस फळ्या तासत बसतो.

रानवाट

मी पेनसिल्व्हेनियात राहते. आमच्या छोट्या शेतावर १९५० सालचा असाच पिकअप अजून कामाला आहे. त्याचा तळ मी आणि माझ्या दिरांनी मिळून सहा वर्षांपूर्वी बसवला, आणि तो रोज वापरात असल्यामुळे लेपाविषयी खात्रीने लिहू शकते.

तुम्हाला सापडलेला काळा थर अगदी बरोबर आहे. त्या काळातल्या साध्या कामकरी शेवरलेच्या तळाला तकतकीत वॉर्निश नसे, काळाच रंग असे. हे पिकअप शेतकरी, सुतार, दूधवाले यांच्यासाठी बनवलेले होते आणि तळ ही झिजणारी, बदलायची वस्तू मानली जात होती. एक फळी मोडली की दोन पट्ट्या सोडवायच्या आणि नवी सरकवायची. मला त्या साधेपणाविषयी मनापासून आदर आहे, म्हणून आम्ही पिवळा पाइन घेऊन तो काळाच रंगवला. पाइन ओकपेक्षा मऊ आहे हे खरे. कठीणपणाच्या जांका मोजणीत लाँगलीफ पाइन ८७० च्या आसपास येतो, तर रेड ओक १२९० आणि व्हाइट ओक १३६०. पण तो फुगतो ओकपेक्षा कमी, आणि माल पट्ट्यांवरून सरकत असल्याने सहा वर्षांत आमच्या फळ्यांना दोन-तीन खोल ओरखड्यांपलीकडे काही झालेले नाही. पाइन घेतलात तर त्यातल्या राळेच्या गाठी आधी शेलॅकने बंद करा, नाहीतर उन्हात राळ रंगातून वर येते.

ॲशविषयी सांगायचे तर लाकूड चिवट आणि देखणे आहे. ते स्वस्त मिळते आहे त्यामागे वाईट कारण असण्याची शक्यता आहे. झाड पोखरणारा पाचूच्या रंगाचा भुंगा २००२ मध्ये तुमच्याच मिशिगनमध्ये प्रथम आढळला आणि तेव्हापासून ॲशची झाडे प्रचंड संख्येने मरत आहेत, तोडली जात आहेत. लाकूड वाया जाण्यापेक्षा कामी यावे असे मलाही वाटते, पण ॲश ओलाव्यात लवकर कुजते. उघड्या हौद्यासाठी मी ते घेणार नाही.

ओकच घ्यायचा असेल तर व्हाइट ओक घ्या. वखारीत दोन्ही ओक शेजारी रचलेले असतात आणि रंगावरून फसगत होते. त्यावर एक सोपा उपाय आहे. पेन्सिलीएवढी, लांबीच्या दिशेने कापलेली काडी घ्या, एक टोक पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकातून जोरात फुंका. रेड ओकच्या नळ्या मोकळ्या असल्याने पाण्यात बुडबुडे येतात. व्हाइट ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, त्यामुळे बहुधा काहीच येत नाही. दारूची पिंपे व्हाइट ओकची करतात ती याच कारणाने.

आता वॉर्निश. काचेसारखा जाड थर पहिल्या उन्हाळ्यात सुंदर दिसतो. पण उन्हाने त्याखालच्या लाकडाचा वरचा पापुद्रा खराब होतो, खताची गोणी ओढताना कुठेतरी चरा पडतो, त्यातून पाणी आत जाते आणि थराखाली अडकून राहते. मग पापुद्रे सुटतात आणि सगळे घासून काढण्याशिवाय इलाज उरत नाही. तुमचा वापर पाहता एकतर काळा एनॅमल द्या किंवा आत मुरणारे तेल द्या. तेल दरवर्षी वसंत ऋतूत एक हात पुन्हा द्यावे लागते, पण त्यासाठी घासकाम लागत नाही.

एक कळकळीची सूचना. बेलतेल (जवसाचे तेल) वापरणार असाल तर त्याच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून वाळते आणि त्यात उष्णता निर्माण होते. माझ्या दिरांनी दुपारी टाकलेला बोळा मी तासाभराने उचलला तेव्हा तो चहाच्या कपासारखा गरम लागत होता. असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. प्रत्येक चिंधी बाहेर मोकळ्या जागी एकेरी पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. गॅरेजमध्ये पेट्रोल असते, हे विसरू नका.

मिशिगनकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी कर्ण मोजले, तर त्यांत तब्बल पाच सुतांचा फरक निघाला. पुढच्या पत्र्याचे बोल्ट सैल करून हौदा गुण्यात आणल्यावर फाळका पहिल्यांदाच हाताने अलगद बंद झाला. इतके दिवस मी त्याच्या बिजागरीला दोष देत होतो.

फुंकरीचा प्रयोगही केला. व्हाइट ओक म्हणून मला दाखवलेल्या गठ्ठ्यातल्या दोन काड्यांतून बुडबुडे आले. त्यामुळे, आणि त्या जुन्या तुकड्याकडे पुन्हा पुन्हा पाहताना, मी पिवळा पाइन आणि काळा रंग असे ठरवले आहे. मधल्या फळ्या उभ्या रेषांच्या कापाच्या मिळाल्या आहेत.

एक शंका उरली आहे. पट्ट्यांचे बोल्ट फटीतून जातात हे समजले, पण हौदा चॅसीला धरणारे मोठे बोल्ट फळीतूनच जातात. तिथे लाकूड कसे हलणार? आणि आवळण्याचा क्रम कोणता ठेवावा?

गॅरेज_क्लीव्हलँड

चांगला निर्णय घेतलात. त्या मोठ्या बोल्टांची भोके फळीत बोल्टाच्या मापाची पाडू नका. चॅनेलमधल्या भोकातून खालून खूण करा, फळी काढून घ्या आणि भोक आडव्या दिशेने लांबट करा, म्हणजे दोन्ही बाजूंना किमान एक सूत मोकळे राहील. वर रुंद वायसर द्या, तो भोकही झाकेल आणि दाबही पसरवेल. वायसर फळीच्या पातळीत बसवण्यासाठी सपाट तळाचा खड्डा घ्यायचा असेल तर तो बोल्टाचे भोक पाडण्याआधी घ्या, नंतर गिरमिटाच्या टोकाला आधार उरत नाही. खड्ड्यात पाणी साचते, म्हणून त्याला रंगाचा एक हात जास्त द्या.

क्रमाबाबत माझी पद्धत अशी आहे. रंग पूर्ण वाळलेल्या सगळ्या फळ्या आणि पट्ट्या आधी नुसत्या मांडून घ्याव्यात. सगळे बोल्ट वरून सोडून खाली नट फक्त बोटांनी फिरवून ठेवावेत. मग साडेतीन सूत जाडीचे लाकडी ठोकळे करून प्रत्येक फटीत पुढे, मध्ये आणि मागे असे तीन ठिकाणी बोल्टांच्या दरम्यान सरकवावेत. अर्थात त्यासाठी पट्टी थोडी उचलावी लागते. मधल्या पट्टीपासून सुरुवात करून एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची असे बाहेरच्या दिशेने जावे, आणि प्रत्येक पट्टी बसवण्याआधी तिचे ठोकळे काढून घ्यावेत. आवळताना एक माणूस वर आणि एक गाडीखाली हवा. बोल्टाची चौकोनी मान पट्टीच्या भोकात बसली की डोके फिरत नाही, तेव्हा खालच्याने पान्हा लावावा. पट्टी खाचेत टेकली आणि हाताने हलेनाशी झाली की थांबा. त्यापुढचा अर्धा फेराही पाइनमध्ये पट्टी रुतवतो. लॉक नट वापरा, म्हणजे जास्त आवळण्याचा मोह होणार नाही.

चॅसीचे मोठे बोल्ट सर्वांत शेवटी घ्या, आणि ते घेण्यापूर्वी कर्ण व फाळका पुन्हा एकदा तपासा. जुलैच्या मध्यावर गाडीखाली जाऊन प्रत्येक नट हाताने चाचपून पाहा. घट्ट वाटेल तिथे पाव फेरा सैल करा.